एकच पोलाद, दोन चाकू: पावसाळ्यापासूनच्या वापरानंतर

एक नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला आणि एक ऑनलाइन मागवलेला, असे हजार रुपयांच्या आसपासचे घडीचे दोन चाकू मी गेल्या पावसाळ्यापासून वापरतो आहे. दोन्ही पात्यांवर ‘८सीआर१३एमओव्ही’ हेच नाव कोरलेले आहे, म्हणजे सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेले चिनी स्टेनलेस पोलाद. कामही दोघांना सारखेच दिले: खोकी फोडणे, सुतळी कापणे आणि सुट्टीच्या दिवशी काटोलकडच्या संत्राबागेत पानसोट, म्हणजे झाडावर वाढणारे निरुपयोगी फुटवे, काढणे. तरीही दोघांत इतका फरक पडला की, या किमतीत पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून आणि थंड करून ते कडक कसे केले आहे, हे महत्त्वाचे, असे माझे ठाम मत झाले आहे.

ऑनलाइन घेतलेला चाकू भरपूर पुठ्ठा कापूनही कागद सरळ चिरतो. इतवारीचा मात्र दुपारभर खोकी फोडली की टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागे. भिंगाखाली पाहिले तेव्हा धारेला दाते पडलेले नव्हते. ती एका बाजूला लोळली होती, आणि दिव्याखाली तिथे एक पांढरी रेघ चमकत होती. पोलाद जास्त कडक व ठिसूळ असते तर धारेचे बारीक तुकडे उडाले असते. लोळलेली धार मऊपणाच दाखवते.

या पोलादाला साधारण १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून झपाट्याने थंड करतात आणि मग २०० अंशांच्या आगेमागे टेम्परिंग करतात, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा हलके तापवतात. तापमान कमी पडले तर कार्बन पुरेसा विरघळत नाही आणि पाते मऊ राहते. जास्त झाले तर कण मोठे होऊन चिवटपणा जातो. सगळे नीट जमले की कडकपणा रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५७ ते ५९ पर्यंत येतो. पण एवढे करूनही शेवटी मशीनवर कोरडी धार काढताना पातळ काठ तापला, तर तेवढ्याच पट्टीत पाणी उतरते. इतवारीच्या चाकूचे हेच झाले असावे, कारण दगडावर पाणी टाकून अनेकदा धार लावल्यावर, वरचा थर झिजताच, मुठीजवळचा भाग स्पष्टपणे सुधारला. सर्वांत पातळ, म्हणून सर्वांत लवकर तापणारे टोक अजूनही मऊच आहे.

गंजाच्या बाबतीत दोघेही सारखेच आहेत. संत्र्याचा रस पुसायचा राहिला की तांबूस ठिपके येतात, कारण क्रोमियमचा काही वाटा कार्बनशी बांधला जातो आणि गंज रोखायला पूर्ण १३ टक्के उरत नाही.

याच किमतीत ‘डी२’ पोलादाचेही चाकू मिळतात. सुमारे १.५ टक्के कार्बनमुळे त्यांची धार जास्त टिकते, पण घरच्या साध्या दगडावर ती पुन्हा आणणे जिकिरीचे असते आणि पाते पूर्णपणे गंजरोधकही नसते. बागेत वापरणाऱ्याने ते घेऊ नयेत, असे मला वाटते. उलट व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूचे पाते रॉकवेल ५६ च्या आसपास, म्हणजे काहीसे मऊ असूनही लोक वर्षानुवर्षे वापरतात. त्याला दिलेले पाणी एकसारखे असते आणि धार दोन मिनिटांत परत येते.

आता पुन्हा घ्यायचा झाल्यास, पोलादाच्या नावासोबत कडकपणाचा आकडाही छापणाऱ्या उत्पादकाला मी शे-दोनशे रुपये जास्त देईन आणि घरी आणताच पहिली धार स्वतः, ओल्या दगडावर लावीन.