बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन आणि सर्जनला विचारलेला एक प्रश्न

बाबांचं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन मार्चमध्ये पुण्यात झालं, हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. आधी जिथे गेलो तिथे अर्धा तास ऑपरेशन करायच्या रोबोटचंच कौतुक, पण "डॉक्टर, तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत?" विचारलं तर उत्तरच नाही, वर "मशीन सगळं करतं". अहो मशीन स्वतःहून काही करत नाही, कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या जागी, बसलेल्या माणसाचे हात चालतात!

मी हा प्रश्न धरून बसले कारण 2007 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू व्हिकर्स वगैरेंचा अभ्यास आला होता, 72 सर्जन, 7,765 पेशंट, सगळे ओपन सर्जरीचे (म्हणजे रोबोटशिवाय, चिरा देऊन केलेल्या), त्यात आधी 10च ऑपरेशनं केलेल्या सर्जनकडे 5 वर्षांत पीएसए (रक्ततपासणीतला आकडा, ऑपरेशननंतर वाढला तर कॅन्सर परत आल्याची खूण) परत वाढायचं प्रमाण 17.9 टक्के आणि 250 केलेल्यांकडे 10.7. केवढा फरक आहे हा.

दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी आकडा लगेच सांगितला, शिकणारे डॉक्टर कुठला टप्पा करणार हेही, नसा वाचवायचं आणि मूत्राशय लघवीच्या नळीला परत जोडायचं काम मात्र स्वतः करणार म्हणाले. शिकाऊ डॉक्टरांना माझा विरोध नाही हं, ते शिकणार कधी मग, फक्त वरिष्ठ शेजारी हवा. लघवीवर ताबा यायला 3 महिने लागले, पण त्याचे व्यायाम फिजिओ मॅडमनी ऑपरेशनआधीच शिकवले होते त्याचा खूप उपयोग झाला. डिस्चार्जच्या दिवशी मात्र बिलिंगवाल्यांनी 5 तास बसवलं, बाबा व्हीलचेअरवर, फार राग आला.