हुडू की विक्का? भाचीच्या प्रश्नाला मावशीचं उत्तर

भाची अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात शिकते. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, मला हुडू शिकायचंय. ते पेगनच असतं ना? की त्यापेक्षा विक्का बरं?" मला घाईत 'विका' असं ऐकू आलं. बाजार पाहता ते अगदीच चुकीचं नव्हतं, पण त्याकडे नंतर येते.

आधी तिचा 'पेगनच ना?', म्हणजे ख्रिस्ती चौकटीबाहेरचा, निसर्गदेवता पुजणारा धर्मच ना, हा समज काढून टाकला. हुडू हा धर्म नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी आणि त्यांच्या लेकरांनी घडवलेली ती मुळ्या-पाल्याची, ताईत-तोडग्यांची विद्या आहे. रूटवर्क, कॉन्ज्युअर ही तिचीच दुसरी नावं. काँगो भागातून आलेल्या कल्पना, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं वनस्पतीज्ञान आणि जर्मन मंत्रपुस्तकंसुद्धा तिच्यात मिसळली. हैतीचा व्होडू हा मात्र देवता, दीक्षा, पुजारी असलेला धर्म आहे. नावं सारखी वाटतात म्हणून लोक दोन्हींची खिचडी करतात.

आणि हुडू करणारी आजी रविवारी कुठे सापडायची? बहुतेक वेळा बाप्टिस्ट चर्चमध्ये. तिचा मंत्र म्हणजे बायबलमधली स्तोत्रं. रक्षणासाठी ९१वं ठरलेलं. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने १९३५च्या पुस्तकात नोंदवलंय की लोक बायबलमधल्या मोझेसला सगळ्यांत थोर हुडूवाला मानत. अशा आजीला 'तुम्ही पेगन' म्हटलंत तर ती झाडू घेऊन मागे लागेल.

विक्काचं बरोबर उलटं. ख्रिस्ती चौकटीच्या बाहेर जाऊन जाणीवपूर्वक उभारलेला तो धर्म आहे. देवी आहे, शिंगांचा देव आहे, वर्षाचे आठ सण आहेत. इंग्लंडमध्ये जादूटोण्याचा जुना कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून हा पंथ लोकांसमोर आणला. प्राचीन परंपरेचा दावा मोठा, पण 'मेबन' हे शरदातल्या सणाचं नाव १९७०च्या दशकात ठेवलेलं! मला त्यात काही वावगं वाटत नाही. सण कधीतरी कुणीतरी सुरू करतंच. फक्त 'हजारो वर्षांपूर्वीचं' म्हणून कुणी गळ्यात मारू नये.

पुरावा पाहिला तर हुडू जास्त जुना निघतो. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५च्या आत्मचरित्रात सँडी जेंकिन्स नावाचा गुलाम त्यांना एक मुळी देतो: उजव्या अंगाला बाळग, गोरा माणूस तुला मारू शकणार नाही. डग्लस यांचा विश्वास तोकडाच होता. पण थोड्याच दिवसांत ते त्यांना राबवून घेणाऱ्या कोव्ही नावाच्या मारकुट्या गोऱ्याशी भिडले आणि त्यानंतर त्यांना फटके बसले नाहीत. मुळीने झालं की मनगटाने, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातून एवढंच दिसतं की ज्यांना कोर्ट-कचेरी मिळणार नव्हती, त्यांचं हे हत्यार होतं.

म्हणूनच नीतीचा फरक समजून घे, असं मी भाचीला म्हटलं. विक्काची शिकवण अशी की कुणाला इजा न होता हवं ते कर. पुष्कळ जण मानतात की केलेलं तिपटीने परत येतं. हुडूत असा सरसकट नियम नाही. छळणाऱ्याला गावाबाहेर घालवायची पूड आहे, कबरीची माती आहे. ती घेताना नाणं किंवा व्हिस्की ठेवून मेलेल्याला मोल द्यायचं. समोरचा खरंच दोषी आहे का, हा तिथला सवाल.

हुडूच्या कृती ऐकताना तिला आपली आजी आठवली. पावलाखालची माती उचलणं, चौरस्त्यावर वस्तू टाकून मागे न बघता निघणं. आपल्याकडे तिठ्यावर उतारा टाकतात, दृष्ट काढायला तिठ्याची माती घेतात, तसंच. हुडूतला 'मोजो' म्हणजे लाल फ्लॅनेलची पुरचुंडी. आत मुळ्या, नाणी, केस, आणि वरून तेल किंवा व्हिस्की लावून तिला 'जेवू' घालायचं. एक सावधगिरी: 'हाय जॉन द कॉन्करर' म्हणून विकतात ती मुळी खिशात ठेवायची असते. पोटात गेली तर जोरदार जुलाब होतात.

बाजाराचं म्हणाल तर शिकागोच्या कंपन्या शंभरेक वर्षांपूर्वीही टपालाने पूड, तेलं, मेणबत्त्या विकत होत्या, आणि मालक पुष्कळदा गोरे. आता तेच दुकान फोनवर उघडतं. विक्काच्या क्रिस्टलचंही तसंच, पण तिथे निदान कुणाच्या पणजोबांच्या जखमा विकल्या जात नाहीत.

शिकायची वाट हा माझ्या दृष्टीने निर्णायक मुद्दा. विक्का एकट्याने, पुस्तकांवरून करता येतं. गटात शिरायचं तर अनेक ठिकाणी वर्ष आणि एक दिवस थांबायला लावतात, एवढंच. हुडू घराण्यातून किंवा जाणत्याच्या हाताखाली येतं. हर्स्टन स्वतः काळ्या, दक्षिणेत वाढलेल्या. तरी न्यू ऑर्लिन्समध्ये एका जाणत्याकडे शिकण्याआधी त्यांना सापाच्या कातडीवर पालथं, उपाशी ६९ तास पडून राहावं लागलं. हॅरी हायट या पाद्र्याने सुमारे १,६०० लोकांना विचारून पाच जाडजूड खंड काढले. ते वाचून माहिती मिळते, हात बसत नाही. आज अनेक काळे साधक म्हणतात की बाहेरच्यांनी यात हात घालू नये. त्यावर वाद आहे, पण मला त्यांचं म्हणणं पटतं. स्तोत्रं आणि पूर्वज वगळून उरलेल्या लाल पिशवीला हुडू म्हणावं कशाला?

तेव्हा ऋतूंची लय, सण, देवीची उपासना हवी असेल तर विक्काकडे जा. हुडूचं कुतूहल असेल तर आधी इतिहास वाच, आणि कुणी शिकवायला तयार असेल तर त्यांच्या अटींवर शीक.

"आणि मला नुसता तोडगाच हवा असेल तर?" असं तिने विचारलं.

म्हटलं, मग पणजीची मीठ-मोहऱ्यांची दृष्ट तुला येते का? ती गप्प झाली. थोड्या वेळाने विचारते, "मोहऱ्या किती घ्यायच्या गं?"