हॅलिफॅक्स थंडरबर्ड्सचा सामना : कोणती जागा घ्यावी, आणि 88 नंबरकडे का बघावं

थंडरबर्ड्स हा कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा बॉक्स लॅक्रोसचा संघ, म्हणजे बंदिस्त रिंकमध्ये काठी आणि चेंडूने खेळायच्या खेळाचा. त्यांचा सामना बघायला पहिल्या वेळी गेले तेव्हा जागा चुकली, ती चूक माझीच. चार पैसे वाचवायला गोलच्या मागची तिकिटं काढली. चेंडू प्रेक्षकांत येऊ नये म्हणून तिथे काचेच्या वर उंच जाळी असते, आणि अर्धा वेळ मी त्या जाळीकडेच बघत होते. दुसऱ्या वेळी बाजूची, आठव्या रांगेतली जागा घेतली. मी आणि लेक, दोघींचं मिळून शंभर डॉलरच्या आत जमलं. हे परीक्षण त्या दुसऱ्या सामन्याचं आहे, 2022-23 च्या हंगामातल्या.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते. मी परळच्या मंडळात अकरा वर्षं कबड्डी खेळले, डावा कोपरा. खांदा निखळला तेव्हा थांबले. हॅलिफॅक्सला आल्यावर इथल्या लोकांचं हॉकीवेड पाहिलं, पण हॉकी मला कधी आपली वाटली नाही. बॉक्स लॅक्रोस मात्र दहा मिनिटांत आपला वाटला, आणि त्याचं कारण समोरच्या घड्याळात होतं. चेंडू हातात आला की 30 सेकंदांत गोलवर मारायचा, नाहीतर तो समोरच्यांना द्यायचा. आमच्या चढाईलाही 30 सेकंदच. शेवटच्या दहा सेकंदांत खेळाडूच्या पायांत जो बदल होतो तो मी अंगावर अनुभवलेला आहे. इथे आठव्या रांगेत बसून तो पुन्हा अनुभवला.

खेळ थोडक्यात असा. आईस हॉकीच्या रिंकमधला बर्फ झाकून वर हिरवी मॅट अंथरतात. एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. हातातल्या काठीच्या टोकाला जाळीचा खिसा, त्यात टणक रबरी चेंडू. गोल जेमतेम पावणेपाच फूट रुंद आणि चार फूट उंच, आणि गोलरक्षक इतकी जाड चिलखतं घालून उभा असतो की आधी वाटतं, इथे चेंडू जाणार कुठून? म्हणून सगळी करामत हुलकावणीत. काठीच्या दांड्याने समोरच्याला ढकलणं नियमात बसतं. बचाव करणारे खांद्याला खांदा लावून जी साखळी करतात ती पाहून माझा निखळलेला खांदा आपोआप ताठ झाला. खेळ चालू असतानाही संगीत वाजत राहतं, हे आधी माहीत असलेलं बरं. लहान मूल नेणार असाल तर कानाला लावायचं काहीतरी न्या.

आता 88 नंबर. त्या हंगामातला संघाचा कर्णधार कोडी जेमिसन, मोहॉक या मूळनिवासी राष्ट्राचा, ऑन्टारियोतल्या सिक्स नेशन्स ऑफ द ग्रँड रिव्हर या मूळनिवासींच्या वस्तीतला. मी त्या दिवशी चेंडू सोडून त्याच्याकडेच बघत बसले. तो सगळ्यात वेगवान नव्हता. तरणी पोरं त्याच्यापुढून सुसाट जात होती. पण चेंडू त्याच्याकडे आला की बाकीचे चौघं आपापल्या जागी सरकायचे, जणू मधल्या माणसाने वाट आखून दिली आहे. डावखुरा, म्हणून उजव्या अंगाने आत शिरायचा, समोरच्याला पाठीवर घ्यायचा, आणि अखेरच्या क्षणी चेंडू दुसऱ्याच्या हवाली. आमच्या मंडळात अशी एक ताई होती. तिच्या नावावर गुण कमी लागायचे, पण ती बाहेर बसली की संघ विस्कटायचा.

घरी येऊन लेकीला त्याची 2009 ची गोष्ट सांगितली, कारण मुळात तीच ऐकून मी तिकिटं काढली होती. अमेरिकन कॉलेजांची अंतिम लढत, मोठ्या मैदानावरचा लॅक्रोस, सिराक्यूस विरुद्ध कॉर्नेल. अखेरची काही मिनिटं उरली असताना कॉर्नेल 9-6 ने पुढे. सिराक्यूसने शेवटचे चार सेकंद उरले असताना बरोबरी साधली. जादा वेळेत सिड स्मिथने प्रतिस्पर्ध्याच्या काठीतून चेंडू पाडला, आणि काही क्षणांनी जेमिसनने तो गोलमध्ये घातला. 10-9. स्मिथही सिक्स नेशन्सचाच. एकाने पकड केली आणि दुसऱ्याने गुण घेतला, दोघं एकाच गावचे. लेक म्हणाली, "आई, पुन्हा सांग."

पुढच्या वर्षी, 2010 मध्ये, नॅशनल लॅक्रोस लीग या बॉक्स लॅक्रोसच्या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत रॉचेस्टर नाइटहॉक्सने त्याला सगळ्यात पहिला उचलला. संघाचे मालक कर्ट स्टायर्स हेही सिक्स नेशन्सचे. 2012, 2013 आणि 2014 असे सलग तीन चषक त्या संघाने जिंकले, त्याआधी या लीगमध्ये कुणाला ते जमलं नव्हतं. 2014 चा सर्वोत्तम खेळाडू जेमिसन. 2019 मध्ये स्टायर्स यांनी तो सगळा संघ हॅलिफॅक्सला आणला आणि नाव ठेवलं थंडरबर्ड्स. म्हणून त्या हंगामात मला तो घरापासून वीस मिनिटांच्या बसवर बघता आला.

एवढं असूनही या लीगमध्ये खेळून घर चालत नाही. बहुतेक खेळाडूंना दुसरी नोकरी असते. कोणी शाळेत शिकवतं, कोणी आग विझवायच्या दलात असतं. डिसेंबर ते एप्रिल शनिवार-रविवार गाठून विमानाने यायचं, खेळायचं, आणि परत जायचं. उन्हाळ्यात पुन्हा आपल्या गावच्या संघाकडून. सिक्स नेशन्स चीफ्स या गावच्या संघाने 2013 आणि 2014 या दोन्ही वर्षी मॅन कप, म्हणजे बॉक्स लॅक्रोसचं कॅनडाचं विजेतेपद, जिंकलं, म्हणजे त्या दोन वर्षांत गावची पोरं हिवाळ्यात एक चषक आणि उन्हाळ्यात दुसरा घेऊन आली. मला आमचे दिवस आठवले. पोलीस, रेल्वे, बँक, जिथे खेळाडू म्हणून नोकरी मिळेल तिथे धडपडायचं, ड्यूटी संपवून संध्याकाळी मैदानात यायचं. सामन्यात सिक्स नेशन्सच्या एका खेळाडूच्या गुडघ्यावरची पट्टी पाहून मला त्याच्या सोमवारच्या नोकरीची काळजी वाटली.

पण आमच्यात आणि त्यांच्यात एक फरक मोठा आहे. हॉडेनोशोनी, म्हणजे मोहॉक, ओनोंडागा वगैरे सहा मूळनिवासी राष्ट्रांचा संघ, त्या लोकांसाठी हा खेळ औषध आहे. सृष्टिकर्त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी आणि लोक बरे व्हावेत म्हणून दिलेला. मुलगा जन्मला की त्याच्याजवळ छोटी काठी ठेवायची जुनी रीत आहे. ती काठी हिकरी लाकडाची, चिरून, वाफवून, वाकवून, महिनोन्महिने वाळवून घडवलेली. ओनोंडागाचे आल्फी जॅक्स यांनी सहा दशकांहून जास्त काळ अशा काठ्या केल्या, 2023 मध्ये ते गेले. लीगमध्ये आता प्लॅस्टिकची डोकी असलेल्या काठ्या चालतात, पण मूळ तिकडेच आहे. आणि हे लोक जागतिक स्पर्धेत कॅनडा किंवा अमेरिकेच्या नावाने उतरत नाहीत, स्वतःच्या राष्ट्राच्या नावाने उतरतात. 2010 मध्ये ब्रिटनने त्यांचे पासपोर्ट मानले नाहीत, तेव्हा दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन जाण्यापेक्षा संघ घरी राहिला. मँचेस्टरची ती जागतिक स्पर्धा त्यांच्याविनाच झाली.

हे माहीत नसताना गेलात तर मागच्या रांगेतल्या एका माणसासारखं होईल. तो मूळनिवासींची युद्धाची आरोळी म्हणून तोंडावर हात आपटत होता. माझ्या लेकीने वळून त्याच्याकडे टक लावून पाहिलं, तेव्हा थांबला.

तर जागेचं. स्कोशियाबँक सेंटर डाउनटाउनमध्ये, सिटाडेलच्या टेकडीखाली. पार्किंगसाठी भटकण्यापेक्षा बस बरी. बाजूच्या, पाचव्या ते दहाव्या रांगेतल्या जागा घ्या, आणि जमलं तर खेळाडू आत-बाहेर होतात त्या दाराच्या समोरच्या. बदली खेळाडू पळत्या पावली आत येतो तो क्षण टीव्हीवर दिसत नाही. माझे कबड्डीचे सर जानेवारीत मुलाकडे टोरोंटोला येणार आहेत, तिथून चार दिवस इकडे. त्यांची तिकिटं काढून ठेवली आहेत, सहावी रांग, दाराच्या बरोबर समोर.