जमीन गहाण ठेवताय? नजरगहाण, ताबेगहाण आणि मुदत खरेदी

'गहाण' हा शब्द संस्कृत 'ग्रहण'वरून आला. ग्रहण म्हणजे घेणं, धरून ठेवणं. पण तुमच्या जमिनीचं नेमकं काय धरलं जाणार, हे दस्तात काय लिहिलंय त्यावर ठरतं. खासगी व्यक्तीकडून पैसे उचलणार असाल तर सही करण्याआधी एवढं बघाच.

नजरगहाणात जमीन तुम्हीच कसता. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो, इतकंच. पैसे थकले तरी देणाऱ्याला परस्पर ताबा घेता येत नाही. कोर्टात दावा लावून विक्रीचा हुकूम मिळवावा लागतो.

ताबेगहाणात जमीन समोरचा कसतो. तेव्हा आधी विचारा, पीक कशात वळतं होणार, व्याजात की मुद्दलात? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये याच प्रश्नावरून गहाणाला दोन नावं पडली होती. उत्पन्नातून कर्ज फिटत गेलं तर ते 'जिवंत' गहाण. उत्पन्न सावकार खातोय आणि मुद्दल जागच्या जागी, तर ते 'मृत' गहाण. जुन्या फ्रेंचमध्ये 'मॉर्ट' म्हणजे मेलेलं, 'गेज' म्हणजे तारण. बँकेतलं 'मॉर्गेज' ते हेच. आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दोन्ही पद्धती चालतात. दस्तात नुसतं 'व्याजापोटी' लिहिलं असेल, तर दहा वर्षं पीक देऊनही मुद्दल तेवढंच राहतं. निदान काही भाग मुद्दलात वळता होईल असं लिहून घ्या.

मुदत खरेदीपासून मात्र शक्य तितकं लांब राहा. हेतू कर्जाचा, कागद खरेदीखताचा. मुदतीत पैसे फेडले की जमीन परत द्यायची, असं ठरलेलं असतं. पण 1929 पासूनचा नियम असा, की परतीची अट त्याच दस्तात असेल तरच तो व्यवहार गहाण मानता येतो. अट वेगळ्या कागदावर असेल किंवा 'आपल्यातच आहे, लिहायचं कशाला' म्हणून तोंडी राहिली असेल, तर गहाण सिद्ध करणं फार अवघड. फरक केवढा पडतो बघा: गहाण ठरलं तर पैसे देय झाल्यापासून 30 वर्षांपर्यंत सोडवणुकीचा दावा लावता येतो, खरेदी ठरली तर मुदत टळली की जमीन गेली.

पर्याय असेल तर नोंदणी केलेलं नजरगहाणच करा.

आणि सावकाराच्या नावे अशी खरेदी आधीच होऊन गेली असेल, तर महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. व्यवहार सावकारीतला ठरला तर खरेदी रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश त्यांना काढता येतो. त्यालाही कालमर्यादा आहे, तेव्हा उशीर करू नका.