लघवीच्या जळजळीवरील सायट्रेटचे सिरप : वापरानंतरचे मत

उन्हाळी लागली, की औषधाच्या दुकानात चिठ्ठी नसतानाही पुष्कळदा हातावर ठेवले जाते ते डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचे सिरप. कंपनीगणिक नाव बदलते, घटक तोच राहतो : ५ मिलिलिटरमागे साधारण १.४ ग्रॅम. यंदा मे महिन्यात आमच्या घरी डॉक्टरांनी ते प्रतिजैविकाच्या जोडीने लिहून दिले. पेलाभर पाण्यात मिसळले की त्याची खारट-आंबट चव सुसह्य होते. बाटलीच्या तोंडाशी मात्र चिकट थर धरतो आणि झाकण दर वेळी पुसून ठेवावे लागते.

सायट्रेटचे शरीरात बायकार्बोनेट होऊन लघवीची आम्लता उतरते, आणि त्यामुळे दाह कमी होतो असे मानले जाते. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी जळजळ बरीच ओसरली. अर्थात त्यातले श्रेय प्रतिजैविकाचे किती आणि सिरपचे किती, हे सांगता येणार नाही. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे औषध जंतू मारत नाही, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या जंतूमुळे होतो. मुतखडा, प्रोस्टेटची सूज, योनिमार्गाचा किंवा लैंगिक संबंधांतून होणारा संसर्ग यांतही अशीच जळजळ होते, त्यामुळे नुसत्या सिरपवर दिवस काढले तर मूळ दुखणे तसेच राहते. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे किंवा लघवीतून रक्त जाणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदर स्त्रिया, मधुमेही, पुरुष आणि लहान मुले यांनी तर साध्या जळजळीतही तपासणी टाळू नये.

लेबलवरची माहिती मला फार अपुरी वाटली. १५ मिलिलिटर दिवसातून तीनदा घेतले तर दोन ग्रॅमहून अधिक सोडियम पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादाच दोन ग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी हा आकडा ठळक छापायला हवा होता. नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्रसंसर्गावरचे प्रतिजैविक आम्लधर्मी लघवीत अधिक चांगले काम करते, तेव्हा ते चालू असताना हे सिरप घ्यावे की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

तात्पुरत्या आरामासाठी, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने, मी हे सिरप पुन्हा घेईन. मात्र डॉक्टरांनी लघवीचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) सांगितले असेल, तर नमुना प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्याआधीच द्यावा.