कार्डाच्या जागी पत्रा

चाळीस हजार पाचशे रुपये. जुनं रेकॉर्डिंग मशीन घेताना एवढ्याला फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण किती गेले, हाच पहिला प्रश्न ओळखीतले सगळे विचारतात.

बेळगावच्या वडगावात माझा छोटा स्टुडिओ आहे. पलीकडच्या घरात यंत्रमाग चालतात, त्यामुळे माझं काम बहुतेक रात्रीचं. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका भजनी मंडळाचे काका पिशवीतून अकरा टेपा घेऊन आले. "ह्या वाजतात काय बघ की रे. आमच्या बुवांचा आवाज हाय ह्यात." व्हिडिओ कॅमेऱ्यात घालतात तसल्याच हाय-एटच्या टेपा, पण लेबलावर बॉलपेननं लिहिलेलं : 'डीए-८८, मशीन १', 'मशीन २'. पाच जोड्या आणि एक सुटी.

टास्कमचं डीए-८८ हे मशीन १९९३ साली आलं. हाय-एटच्या टेपवर आठ ट्रॅक डिजिटल रेकॉर्ड होतात. सोळा हवे असले की दोन मशीनं केबलनं जोडायची. ह्या मंडळानं तसंच केलेलं होतं. एका टेपवर पखवाज, टाळ, पेटी आणि दुसरीवर बुवा आणि मागचे गाणारे. दोन्ही एकत्र वाजल्याशिवाय अभंग पुरा होत नाही.

मला मशीन एकच परवडणार होतं. म्हणजे आधी एक टेप कॉम्प्युटरवर उतरवायची, मग दुसरी, आणि नंतर दोन्ही जुळवायच्या. ह्यासाठी टाइमकोड. टेपवरच्या प्रत्येक जागेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा पत्ता असतो. फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा किंवा तिसावा तुकडा. मशीननं तो सांगत राहायचं आणि सॉफ्टवेअरनं त्याच्या मागून चालायचं. पण डीए-८८ आपणहून हा पत्ता बाहेर देत नाही. मागच्या खाचेत एसवाय-८८ नावाचं कार्ड बसवावं लागतं, ते वेगळं विकत मिळायचं. मला एवढं माहीत होतं. आणि एवढंच माहीत होतं, तिथं घोटाळा झाला.

जुन्या सामानाच्या जाहिरातींत एक मशीन दिसलं. विकणारा घाटावरचाच, मराठी बोलणारा, गोड. मशीनचे बावीस हजार, कार्डाचे वेगळे चौदा. "साहेब, कार्ड बसवलेलंय. केबल लावा, प्ले दाबा, सॉफ्टवेअर आपोआप पळतंय." वर व्हिडिओही पाठवला. मशीनच्या डिस्प्लेवर आकडे धावताहेत, शेजारी लॅपटॉपवर सॉफ्टवेअरचे आकडेही धावताहेत. एकाच क्षणी दोन्ही सुरू. मी तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला आणि पैसे टाकले.

त्या व्हिडिओतच सगळं होतं, हे मला महिन्याभरानं दिसलं. मशीनचा आकडा बारा मिनिटं सात सेकंदांपासून निघतो आणि लॅपटॉपचा शून्यापासून. सॉफ्टवेअर खरंच टाइमकोडच्या मागे असतं, तर तेही बारा मिनिटं सातवर उडी मारून गेलं असतं. नाहीतर निदान त्यानं मुद्दाम फरक टाकलाय असं तरी दिसलं असतं. दुसरं असं, की मागे लागलेलं सॉफ्टवेअर त्याच क्षणी कधी सुटत नाही. मिडी, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची पद्धत; त्या मिडी टाइमकोडमध्ये एक पूर्ण पत्ता आठ तुकड्यांत येतो, त्याला दोन फ्रेम लागतात. त्यानंतर सॉफ्टवेअर खात्री करून घेतं, मग चालू होतं. थोडं अडखळतंच. व्हिडिओत तसं काही नव्हतं. कॅमेऱ्याबाहेरच्या हातानं स्पेसबार दाबला होता, बस्स. आणि मशीनवरचे ते आकडे? ते कार्ड असो-नसो, दिसतातच. टेपवरची स्वतःची वेळ असते ती.

पार्सल आलं. मशीन वाजत होतं, हे मान्य करायला हवं. पहिल्याच टेपवर बुवांचा आवाज आला तेव्हा काका खुर्चीत पुढं सरकून बसले होते. पण सॉफ्टवेअर हलेना. मागच्या पत्र्यावर मिडीची गोल सॉकेटं होती, त्यात केबल लावली. पंचवीस फ्रेम लावून पाहिलं, केबल बदलली, ड्रायव्हर काढून परत टाकला, दुसरा लॅपटॉप आणला. पहाटे तीनपर्यंत. चूक माझीच असणार, ह्याबद्दल मनात शंकाच नव्हती.

फोन केला की गृहस्थ लगेच उचलायचा. हे विशेष. पळून गेलेला चोर ओळखता येतो, पण हा रोज नवा उपाय सांगायचा. "फ्रेम रेट २९.९७ ठेवून बघा." ठेवला. "मग ३० ठेवा." ठेवला. आज कळतं की फ्रेम रेट चुकला तर आकडे चुकीचे येतील, येणंच कसं बंद होईल? पण तेव्हा त्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द पुस्तकातला वाटायचा. सहाव्या दिवशी म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरला हा सिग्नल झेपत नाहीय, मधे कन्व्हर्टर लागेल. माझ्याकडं आहे एक, घरचं समजून साडेचार हजारात देतो." तेही पाठवले. परत घेण्याची मुदत सात दिवसांची ठरली होती. कन्व्हर्टर आला तो दहाव्या दिवशी. निघाली साधी मिडी केबल, यूएसबीवाली.

कोल्हापूरला एक जुने साउंड इंजिनिअर आहेत. त्यांना विचारायची लाज वाटत होती. इतकी वर्षं स्टुडिओ चालवतो आणि हे जमत नाही, असं कसं सांगायचं? शेवटी केला फोन. ते म्हणाले, "मिडी सोड. टाइमकोड आउटला स्पीकर लाव आणि टेप चालव. काय ऐकू येतंय?" टाइमकोडचा जो ऑडिओ सिग्नल असतो, त्यात प्रत्येक फ्रेमला ८० बिट, म्हणजे आपल्या पंचवीस फ्रेमला सेकंदाला दोन हजार. कानाला तो रातकिड्यासारखा कर्कश लागतो, एकदा ऐकला की विसरत नाही. माझ्याकडं सगळं शांत. "मग उघड मशीन."

उघडलं. मागच्या खाचेत कार्ड नव्हतं. कापून बसवलेला एक पत्रा होता, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या, काळा रंग मारलेला. त्यात सॉकेटं बसवलेली, आणि सॉकेटांच्या मागे काही नाही. एकाला बोटभर लाल वायर होती, तिचं दुसरं टोक हवेत. खोटं बोलणं मी समजू शकतो. पण कोणीतरी बसून त्या कडा घासल्या होत्या.

त्या दिवसानंतर फोन उचलला गेला नाही. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआयच्या पावत्या आणि तो व्हिडिओ दिला. पुढं पोलीस ठाण्यात जाऊन जबाब द्यायचा होता, माझं कन्नड बाजारापुरतं, म्हणून शेजारच्या अण्णांना बरोबर नेलं. लिहून घेणाऱ्यानं पेन थांबवून विचारलं, "टाइमकोड अंद्र एन्री?" म्हणजे, टाइमकोड म्हणजे काय हो? अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड. त्यानं मान डोलावली आणि लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. पैसे अजून आलेले नाहीत.

जुनं मशीन घेणार असाल तर विक्रेत्याला फोन चालू ठेवून टाइमकोड आउटचा आवाज ऐकवायला सांगा. मग टेप मधूनच कुठूनतरी सुरू करायला लावा, आणि सॉफ्टवेअर त्याच आकड्यावर येतंय का ते पाहा. मागच्या पत्र्याचा नाही, आतल्या कार्डाचा फोटो मागा. झाकणाचे स्क्रू काढायला कां-कूं करणाऱ्याला एक रुपया आगाऊ देऊ नका.

आणि सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट : मला त्या कार्डाची गरजच नव्हती. दगड कुठं आहेत ते टाइमकोड सांगतो, गाडीचा वेग मात्र वर्ड क्लॉक, म्हणजे डिजिटल मशीनांना एकच ठेका देणारा सिग्नल, ठरवतो. डीए-८८ ला वर्ड क्लॉकचं आउटपुट मुळातच असतं. ते एका बीएनसी केबलनं माझ्या इंटरफेसला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आवाज घेणाऱ्या डब्याला, दिलं, इंटरफेस बाहेरच्या क्लॉकवर ठेवला. मग दोन्ही टेपा एकाच वेगानं उतरल्या. उरलं फक्त सुरुवातीची जागा जुळवणं. बुवांच्या माइकमध्ये टाळाचा आवाज पुसटसा शिरलेला होता. तो पहिल्या टेपवरच्या टाळाच्या रेघेखाली आणून ठेवला. बुवा आणि टाळकरी ह्यांच्यात अडीच मीटर धरलं तर आवाज सात मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, तेवढी बुवांची टेप उशिरा सुरू होईल अशी सरकवली. चाळीस मिनिटांच्या शेवटच्या गजरातही टाळ हलला नाही.

पाच जोड्या दोन दुपारी आणि एका रात्रीत झाल्या. सुट्या टेपला बुरशी आहे, ती अजून मशीनमध्ये घातलेली नाही.