३२ एच ७ च्या बोअरसाठी वर्निअरला पर्याय शोधताना

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचे टर्निंग-बोरिंगचे लहानसे वर्कशॉप आहे. पंपाचे गनमेटल बुश (शाफ्टभोवती बसणाऱ्या कांस्याच्या नळ्या) हे आमचे नेहमीचे काम असून त्यांतल्या एका बुशचा बोअर (आतले भोक) ३२ एच ७, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मिमी, आणि बाहेरचा व्यास ४० पी ६, म्हणजे ४०.०२६ ते ४०.०४२ मिमी, एवढ्यात बसवावा लागतो. गेल्या वर्षी एका ग्राहकाने या बुशांचा अख्खा लॉट परत पाठवला. शाफ्ट आत जात नाही, अशी तक्रार होती. आमच्या तपासणीच्या कागदावर मात्र प्रत्येक बुशपुढे बरोबरची खूण होती, आणि ती खूण ज्या डिजिटल वर्निअरच्या भरवशावर केली होती तोही काही हलका नव्हता. त्यानंतरच्या आठ-दहा महिन्यांत या कामासाठी जी साधने आम्ही विकत घेतली, उसनी आणली आणि वापरून पाहिली, त्यांचे हे परीक्षण आहे.

सुरुवात त्या वर्निअरपासूनच करतो. (डिजिटल कॅलिपरवर वर्निअरची पट्टी नसतेच, १६३१ साली फ्रान्सच्या पिएर व्हर्निए यांनी मांडलेली ती युक्ती या साधनात कुठेही वापरलेली नाही. तरीही शॉपफ्लोअरवर त्याला वर्निअरच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे.) आमच्याकडचा मिटुटोयोचा ५००-१९६ हा ०-१५० मिमीचा वर्निअर एक शतांश मिमीपर्यंत आकडा दाखवतो, पण कॅटलॉगमध्ये त्याची चूक अधिक-उणे ०.०२ मिमी दिलेली आहे, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत हे आम्ही इतकी वर्षे सोयीस्करपणे विसरलो होतो. पडद्यावर ३२.०१ दिसले तर खरा बोअर ३१.९९ ते ३२.०३ यांमध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे साधनाची चूक ४० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) पट्ट्यातली आणि ग्राहकाने मापात दिलेली सूट (टॉलरन्स) २५ मायक्रॉनची. मोजणीचे साधन कामाच्या सूटीपेक्षा दहापट अचूक असावे असा जुना दंडक आहे. दहापट राहू द्या, आमचे साधन सूटीहूनही ढिले होते. दोष वर्निअरचा नव्हता, त्याच्याकडून ते माप घेणाऱ्या आमचा होता.

वर्निअरला पर्याय म्हणून बहुतेक जण प्रथम स्वस्त वर्निअरच पाहतात, म्हणून हजार रुपयांच्या आतला एक आम्हीही घेतला. २५ मिमीच्या स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर) दोन्ही लावले तेव्हा दोघांनीही २५.०० दाखवले आणि क्षणभर वाटले की आजवर पैसे उगाच घातले. मग तीच स्लिप जबड्यांच्या मुळाशी न धरता टोकाशी धरून पाहिली. मिटुटोयोचा आकडा एका शतांशाने हलला, स्वस्तातला मात्र २४.९७ वर गेला, कारण त्याची सरक ढिली होती आणि अंगठ्याच्या दाबाने जबडा तिरका होत होता. जबडे मिटवून ट्यूबलाइटसमोर धरले तर मधून उजेडाची बारीक पाचर दिसत होती. शिवाय त्याचे बटण बंद केले तरी आतली मोजणी चालूच राहते, त्यामुळे एलआर ४४ सेल काही महिन्यांत बसतो, तर मिटुटोयोच्या एसआर ४४ वर आमची काही वर्षे सहज निघतात. कच्च्या टर्निंगला किंवा लांबी पाहायला स्वस्त वर्निअर चालेल. फक्त दुकानात घेतानाच उजेडाची आणि टोकाची ही परीक्षा करावी, अन् नामांकित कंपनीच्या नावाचा नकली मालही बाजारात असतो हे लक्षात ठेवून बिलासह अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा.

खरे सांगायचे तर कच्च्या कामाला मला ०.०२ मिमीचा साधा वर्निअरच अधिक आवडतो. सेल नाही, कूलंटची भीती नाही; ४९ मिमीचे ५० भाग केलेली ती पट्टी डोळ्यांना त्रास देते एवढेच. डायल कॅलिपर आम्ही बाद केला. त्याच्या दातेरी पट्टीत गनमेटलची बारीक चिप अडकली की काटा दाता चुकवतो आणि शून्य सरकून बसते, आणि आमच्याकडे तर चिप सगळीकडे उडत असते.

वर्निअर कितीही महाग घेतला तरी एक अडचण राहतेच. त्यात मोजपट्टी एका रेषेत असते आणि जॉब तिच्यापासून बाजूला, त्यामुळे जबडा जरा कलला की चूक मापात उतरते. मोजपट्टी आणि मोजायचे अंतर एकाच रेषेत असावे, हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८९० साली मांडले, आणि बाहेरून मोजायचा मायक्रोमीटर ते पाळतो. म्हणून ४० पी ६ च्या बाहेरच्या व्यासासाठी २५-५० चा मायक्रोमीटर घेणे हा सोपा निर्णय होता. पर्यायांत खरा फायदाही इथेच झाला. मिटुटोयोच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळालेला मायक्रोमीटर आम्ही स्लिप गेजवर तपासला, तो ३ मायक्रॉनच्या आत भरला, आणि १६ मायक्रॉनच्या सूटीसाठी तेवढे आम्हाला पुरते.

ही तपासणी कशी केली ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ती बहुतेक ठिकाणी चुकीची होते. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेरीत तो सरकतो ते अंतर, ०.५ मिमी असतो. त्यामुळे ३०, ३५, ४० अशा गोल आकड्यांच्या स्लिप लावल्या तर थिंबल (फिरवायची आकडे कोरलेली मूठ) दर वेळी त्याच शून्यावर येऊन थांबते, आणि एका फेरीत स्क्रूची जी काही वेडीवाकडी चाल असेल ती दिसतच नाही. म्हणून २७.५, ३०.१, ३२.७ अशी वाकडी मापे घ्यावी लागतात, म्हणजे थिंबल दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबते. ती मापे २५ च्या स्लिपवर २.५, ५.१, ७.७ च्या स्लिप रिंग करून, म्हणजे दोन्ही पृष्ठे पुसून एकमेकांवर सरकवत चिकटवून, तयार होतात. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांना १८९६ मध्ये सुचलेली ही ठोकळ्यांची कल्पना आजही इतकी कामाची आहे की, पहिल्यांदा पैसे कशात घालावेत असे कोणी विचारले, तर मी वर्निअर किंवा मायक्रोमीटरच्या आधी चार-सहा सुट्या स्लिप गेजचे नाव घेतो. त्या हातात असल्या की स्वस्त साधन घ्यायची हिंमत होते, कारण ते खोटे बोलत असेल तर पहिल्या दिवशीच पकडले जाते.

बोअरचा प्रश्न मात्र असा एका खरेदीत सुटला नाही. १८-३५ मिमीचा डायल बोअर गेज, त्यावर एक मायक्रॉनचा डायल, अशी जोडी घेतली. हे साधन स्वतःहून माप सांगत नाही, ३२.००० च्या रिंग गेजमध्ये (नेमक्या मापाच्या कड्यात) किंवा स्लिपवर त्याचे शून्य लावावे लागते, मग बोअरमध्ये घालून पुढे-मागे झुलवायचे, आणि काटा ज्या टोकाला जाऊन उलटतो तो आकडा वाचायचा. आमच्या मुलांना सवय व्हायला तीन-चार दिवस लागले. पुण्याच्या बेकरसारखे भारतीय उत्पादक अशी साधने बनवतात आणि सुटे ॲन्व्हिल (जॉबला टेकणारी टोके), डायल यांसाठी परदेशी मालाची वाट पाहावी लागत नाही, ही लहान वर्कशॉपला मोठी सोय आहे.

याच बोअर गेजने परत आलेल्या लॉटचे पहिले कोडे उलगडले. आमच्या जुन्या टर्नरचे म्हणणे होते, “मालक, मशीनवरनं काढलेला गरम जॉब मोजायचा न्हाई, त्यो खोटंच सांगतो.” त्यांच्यासमोरच एक बुश काढल्याबरोबर मोजला, मग तासाभराने पुन्हा मोजला, आणि माप ८ मायक्रॉनने खाली आले. हिशेबही जुळतो: गनमेटल दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे १८ मायक्रॉन फुगते, तेव्हा खोलीपेक्षा १५ अंश गरम असलेला ३२ मिमीचा बोअर थंड होताना जवळपास साडेआठ मायक्रॉन आवळतो, म्हणजे एकूण सूटीचा तिसरा हिस्सा नुसत्या घाईत जातो. आता मोजणीच्या टेबलावर बिडाची जाड प्लेट ठेवली आहे आणि बुश तिच्यावर निवल्याशिवाय गेज लागत नाही.

दुसरे कोडे अधिक चमत्कारिक होते. काही बुशांत बोअर गेज सगळीकडे फिरवला तरी ३२.००८ च दाखवायचा आणि तरीही ३२.००० चा गो प्लग (किमान मापाचा, बोअरमध्ये जायलाच हवा असा दंडगोल गेज) आत जायचा नाही. चार मिमीच्या भिंतीचा बुश तीन जबड्यांच्या चकात (लेथच्या पकडीत) करकचून आवळला, तशाच अवस्थेत बोअर गोल केला आणि चक सोडला, की बोअर किंचित तीन पाकळ्यांचा होतो. आणि अशा आकारात समोरासमोरचे अंतर सगळीकडे जवळपास सारखेच येते, त्यामुळे दोन बिंदूंत मोजणाऱ्या साधनाला तो गोलच वाटतो. पूर्ण दंडगोल असलेला गो प्लग मात्र फसत नाही. गो गेजने पूर्ण आकार तपासावा आणि आत जाता कामा नये अशा नो-गोने एकेक माप, हे विल्यम टेलर यांचे १९०५ चे तत्त्व आम्ही आयटीआयमध्ये घोकले होते. त्याचा अर्थ त्या दुपारी कळला.

म्हणून या कामासाठी माझी पसंती बोअर गेज आणि प्लग गेज यांच्या जोडीला आहे. नुसता प्लग गेज पुरत नाही, कारण तो जातो की नाही एवढेच सांगतो आणि सीएनसीवर (संगणकी लेथवर) ऑफसेट, म्हणजे हत्याराची दुरुस्ती, किती द्यायचा याचा आकडा देत नाही. शिवाय वापराने त्याचे गो टोक झिजते. दोन्ही मिळून मात्र एकमेकांची उणीव भरून काढतात. तीन बिंदूंचा इनसाइड मायक्रोमीटर शेजाऱ्यांकडून दोन दिवस आणून पाहिला. तो आपोआप मधोमध बसतो, हात नवखा असला तरी माप सारखे येते आणि वेगवेगळ्या कोनात फिरवला तर पाकळ्याही उघड करतो, पण एका लहान पट्ट्यापुरत्या त्या साधनाची किंमत आमच्या महिन्याच्या टूलिंगच्या खर्चाइतकी निघाली. एअर गेजचा (हवेच्या झोताने मोजणाऱ्या साधनाचा) वेग आणि स्पर्शाविना मोजणे मोहात पाडणारे आहे. तथापि प्रत्येक मापाला वेगळा प्लग लागतो आणि कोरडी, तेलविरहित हवा लागते, तर आमचा कॉम्प्रेसर पावसाळ्यात पाणीच ओकतो.

साधने घेतल्यावर ती वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून आणतो. पूर्वी मी प्रमाणपत्रावरचा शिक्काच पाहत असे. आता प्रत्येक मापाला किती चूक निघाली आणि त्या मोजणीची अनिश्चितता किती, हे दोन रकाने आधी वाचतो.

परत आलेल्या बुशांपैकी बोअर लहान असलेले होन करून (आतून घासून किंचित मोठे करून) बहुतेक वाचले. पाकळ्यांवरचा उपाय मापाच्या साधनात नव्हताच: बुशच्या व्यासाला बोअर करून घेतलेले सॉफ्ट जॉ (चकाचे मऊ जबडे) बसवले आणि चकाचा दाब कमी केला, तेव्हापासून गो प्लग स्वतःच्या वजनाने आत उतरतो. मिटुटोयोचा वर्निअर अजून तितकाच उत्तम चालतो, पण त्याच्या डब्यावर मी कागद चिकटवला आहे, “फक्त लांबी आणि कच्चे माप”.